माणसाच्या पेशीला भिंत नसते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मधुमेहावरचा लेख आमच्या घरी दोनदा वाचला गेला. एकदा यजमानांनी मोठ्याने वाचला, मग मी पेन घेऊन बसले. इन्सुलिन पेशीची भित्तिका भेदून आत शिरतं आणि साखरेला वाट मोकळी करून देतं, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. त्याच पानाच्या तळाशी प्रतिजैविकांची चौकट आहे. पेनिसिलिन पेशीभित्तिकेवर हल्ला चढवून ती फोडतं, असं तिच्यात छापलंय. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. माणसाच्या पेशीला भित्तिका असेल आणि पेनिसिलिन भित्तिका फोडत असेल, तर घसा दुखतो म्हणून पेनिसिलिन घेतलेला माणूस संध्याकाळपर्यंत शिल्लक राहायला नको.

तो राहतो, कारण माणसाच्या पेशीला भिंत नसते. एकाही पेशीला नसते. ना कातडीतल्या, ना हाडातल्या, ना मेंदूतल्या. असतं ते पटल. पाठ्यपुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे मेम्ब्रेनच म्हणतात. आणि पेनिसिलिनही भिंत फोडत नाही, पण त्याच्याकडे नंतर येते.

मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. मुलं यायच्या आधी कल्चर (म्हणजे वाढवलेले जिवाणू) तयार ठेवायचं, स्टेनच्या म्हणजे रंगांच्या बाटल्या भरायच्या, मुलं गेल्यावर जंतुनाशकात पडलेल्या स्लाइड्स काढून घासायच्या, हे माझं काम. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी इतकी वर्षं जांभळी होती. निवृत्तीनंतर ती माणसांत आली. तेव्हा मी लिहिते ते पुस्तकातून कमी आणि मोरीपाशी उभं राहून ऐकलेलं, पाहिलेलं जास्त आहे. वर्गातलं व्याख्यान मागच्या दारातून ऐकायला मिळतं आणि तेच तेच दरवर्षी ऐकलं की पाठ होतं.

भिंत हा शब्द आपल्या डोक्यात इतका पक्का का बसला, याचं कारण जुनं आहे. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला ओळीने रिकाम्या खोल्या दिसल्या. कोठडी या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याने त्यांना लावला, तोच आजचा ‘सेल’. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्याला दिसल्या त्या नुसत्या भिंती. आत राहणारं कधीच संपलेलं होतं. म्हणजे पेशीशी माणसाची पहिली ओळख झाली तीच तिच्या रिकाम्या घराशी. शाळेतही आपण आधी झाडाची पेशी बघतो, कारण ती दिसायला सोपी, चौकोनी, रेखीव. मग जन्मभर पेशी म्हटलं की चौकोनच आठवतो. तुमच्या चित्रकाराचंही तेच झालंय. लेखासोबतच्या चित्रातल्या पेशीला विटेसारखे चार कोपरे आहेत.

भिंत झाडांना असते, ती सेल्युलोजची. बुरशीला असते, ती कायटिनची. बहुतेक जिवाणूंना असते, ती पेप्टिडोग्लायकनची. नाव बोजड आहे, पण माझं पोट याच पदार्थावर भरलं, त्यामुळे मला ते गोड वाटतं. प्राण्यांनी मात्र भिंतीचा नादच सोडला.

जिवाणूंच्या भिंतीवर माझा जीव का, ते सांगते. हान्स ख्रिस्तियन ग्राम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये फ्रीडलेंडर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे काप रंगवताना आजूबाजूच्या ऊतीतून जिवाणू उठून दिसावेत, एवढंच त्याला हवं होतं. १८८४ मध्ये त्याने रीत छापली आणि ती सदोष आणि अपुरी आहे हेही त्यातच लिहून टाकलं. काही जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात आणि काही अल्कोहोल लागताच सोडून देतात, हे त्याला दिसलं; का, ते कळलं नाही. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत जिवाणूची पहिली चौकशी याच रितीने होते.

रीत सोपी आहे. लूपने, म्हणजे टोकाला कडं असलेल्या तारेने, कल्चर घ्यायचं, स्लाइडवर पातळ पसरायचं, वाळवायचं, आचेवरून फिरवायचं. मग क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, मग आयोडिन, मग अल्कोहोलने धुणं आणि शेवटी सॅफ्रॅनिन. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडिन भिंतीच्या आत एकत्र येऊन मोठा गोळा होतो. जाड भिंतीच्या जिवाणूत अल्कोहोलने भिंतीतलं पाणी निघतं, ती आवळते आणि गोळा आत अडकतो. तो जांभळाच राहतो, हा ग्राम पॉझिटिव्ह. दुसऱ्या जातीची भिंत अगदी पातळ असते आणि तिच्यावर मेदाचं आणखी एक पटल असतं. अल्कोहोल ते पटल विरघळवतो, पातळ जाळीला गोळा धरवत नाही, रंग निघून जातो आणि सॅफ्रॅनिनचा गुलाबी चढतो. हा ग्राम निगेटिव्ह. पहिल्याची भिंत साधारण २० ते ८० नॅनोमीटर जाड, दुसऱ्याची जेमतेम काही नॅनोमीटर. सगळी कसोटी अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत असते. मुलं गप्पा मारत जास्त धुतात आणि मग जांभळंही गुलाबी होतं.

एकदा मात्र चूक मुलांची नव्हती. लागून आलेल्या सुट्यांमुळे मी बॅसिलसचं कल्चर पाच दिवस आधी करून ठेवलं होतं. बॅसिलस म्हणजे पक्का ग्राम पॉझिटिव्ह. त्या दिवशी वीसच्या वीस स्लाइड्स गुलाबी-जांभळ्या, डागाळलेल्या निघाल्या. सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, बाटल्यांची अदलाबदल केलीत का? बाटल्या बरोबर होत्या. मी त्या दुपारी जुन्या कल्चरची आणि आदल्या रात्रीच्या ताज्या कल्चरची स्मिअर, म्हणजे पातळ पसरलेला थर, एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी घेतली आणि एकाच हाताने रंगवली. ताजी जांभळी, जुनी गुलाबी. जिवाणू म्हातारा झाला की भिंतीची डागडुजी थांबते, तिला फटी पडतात आणि रंग गळतो. ग्रामचा रंग जात सांगतो असं सगळे म्हणतात. खरं तर तो भिंतीची तब्येत सांगतो. ती स्लाइड मी सरांच्या टेबलावर ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षीपासून तो प्रयोगच त्यांनी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन मुलांकडून करून घ्यायला सुरुवात केली.

आता पेनिसिलिन. जिवाणूची भिंत विटांची नसते, विणलेली असते. दोन प्रकारच्या साखरा आलटून पालटून ओवलेले लांब धागे आणि त्या धाग्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या प्रथिनासारख्या आखूड गाठी, अशी सबंध जिवाणूभोवती एकच सलग जाळी. आता कल्पना करा, अंगावरचा स्वेटर न काढता मोठा करायचाय. एक टाका कापायचा, नवा धागा घालायचा, गाठ मारायची, पुढचा टाका कापायचा. वाढणारा जिवाणू सतत हेच करत असतो. त्याच्याकडे कात्रीचं काम करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आहेत आणि गाठ मारणारीही आहेत. पेनिसिलिनचा आकार गाठीच्या टोकासारखा दिसतो. गाठ मारणारं विकर फसतं, पेनिसिलिनला पकडतं आणि कायमचं अडकून बसतं. टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी हे १९६५ मध्ये मांडलं. कात्री मात्र चालूच राहते. म्हणजे पेनिसिलिन भिंतीला हातही लावत नाही. जिवाणू स्वतःचा स्वेटर स्वतःच उसवतो.

आणि उसवला की फुटतो, कारण आत दाब प्रचंड असतो. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या आत सुमारे २० वातावरणांइतका दाब भरतो. मोटारीच्या टायरात तो दोन-अडीच असतो. हा दाब काढून घेतला तर काय होतं, ते दोन सुंदर प्रयोगांनी दाखवलं. १९५३ मध्ये वाइबुलने बॅसिलस मेगाटेरियमची भिंत लायसोझाइमने काढून टाकली, पण साध्या पाण्यात नाही, साखरेच्या दाट द्रावणात, म्हणजे बाहेरचं पाणी आत घुसून दाब वाढणार नाही. जिवाणू मेले नाहीत. काडीसारखे लांबट होते ते गोल गोल थेंब झाले. काडीचा आकार जिवाणूचा नव्हताच, भिंतीचा होता. १९५६ मध्ये लेडरबर्गने ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला तशाच साखरेच्या द्रावणात पेनिसिलिन दिलं. तेही गोल झाले आणि जगले, आणि पेनिसिलिन काढून घेतल्यावर पुन्हा काडीसारखे झाले. ज्या औषधाला आपण जिवाणूंचं विष समजतो ते बाहेरचं पाणी पुरेसं दाट असेल तर त्यांना मारतही नाही.

यातून आणखी काही गोष्टी आपोआप सुटतात. वाढ थांबवून निपचित पडलेल्या जिवाणूवर पेनिसिलिन फारसं चालत नाही. जो विणतच नाही त्याचं काय उसवणार? मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूंना भिंतच नसते, त्यांना पेनिसिलिन कितीही द्या. विषाणूंचं तर विचारूच नका.

लायसोझाइमचं नाव आलं म्हणून सांगते. अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडलं हे सर्वांना माहीत असतं. त्याच्या काही वर्षं आधी, १९२१-२२ मध्ये, सर्दी झालेली असताना स्वतःच्या नाकातल्या शेंबडाने बशीतले जिवाणू विरघळतात, हे त्याने पाहिलं होतं. तेच लायसोझाइम. आपल्या अश्रूंतही आहे. ते मात्र खरोखरच भिंत कापतं, दोन साखरांमधला सांधा तोडून. चौकट लिहिणाऱ्याला भिंत फोडणारं काहीतरी हवंच होतं, तर अश्रूंवर लिहायचं होतं. आमच्याकडे पिवळ्या मायक्रोकॉकसच्या गढूळ द्रावणात लायसोझाइमचे थेंब टाकायचे. काही मिनिटांत नळी पारदर्शक होते. दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, “मॅडम, माझ्याच डोळ्यातलं पाणी घालू?” मी म्हणायचे, “आण, पण रडवायला मी येणार नाही.”

त्या गढूळ-पारदर्शक नळीचा दुसरा अवतार रक्ताचा. दोन नळ्या घ्यायच्या. एकीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, दुसरीत नुसतं शुद्ध पाणी. दोन्हीत रक्ताचे थेंब टाकायचे आणि नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. मिठाच्या पाण्यातून अक्षर दिसत नाही, लाल पेशी जिवंत तरंगत असतात. शुद्ध पाण्याच्या नळीतून मात्र मथळा वाचता येतो. पाणी आत शिरून सगळ्या पेशी फुटलेल्या असतात आणि उरतं ते स्वच्छ लाल पाणी. ई. कोलाय त्याच शुद्ध पाण्यात टाकला तर तो फुटत नाही. त्याला भिंत आहे, आपल्याला नाही. तुमच्या लेखातलं वाक्य वाचल्यावर मला ती नळी आठवली. मागे धरलेला कागद तुमच्याच वर्तमानपत्राचा असायचा, हा योगायोग.

मग आपण भिंतीवाचून निभावतो कसं? आपण भिंत बांधण्याऐवजी बाहेरचं पाणीच ताब्यात ठेवलंय. मूत्रपिंडं रात्रंदिवस रक्तातलं मीठ-पाणी एका मापात राखतात, म्हणून त्यात बुडालेल्या पेशींना चिलखत लागत नाही. शिवाय प्रत्येक पेशीच्या पटलात पंप बसवलेले आहेत. ते दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप खेकड्याच्या मज्जातंतूंत शोधला आणि नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. हे पंप थांबले तरी आपल्या पेशी फुगतात. जिवाणूला ही चैन नाही. तो आज दाट द्रवात, उद्या पावसाच्या थेंबात. त्याने चिलखत चढवलं, यात नवल नाही.

चिलखत नसल्याचा फायदा मोठा आहे. पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुपदरी थर, सात-आठ नॅनोमीटर जाडीचा, आणि तो घट्ट नसतो, तेलासारखा वाहता असतो. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकमेकींत विलीन केली. माणसाची पटलातली प्रथिनं एका चमकत्या रंगाने, उंदराची दुसऱ्या रंगाने खुणावली होती. सुरुवातीला अर्धी बाजू एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. ३७ अंशांवर ठेवल्यावर चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. कुठल्या भिंतीतल्या विटा चाळीस मिनिटांत फिरून येतात? दोनच वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाचं आजचं चित्र मांडलं: मेदाचा समुद्र आणि त्यात तरंगणारी प्रथिनं.

भिंतीला कान असतात म्हणतात. पेशीच्या बाबतीत कान असतात ते पटलाला. तरंगणाऱ्या प्रथिनांतली काही म्हणजेच ग्राही, ज्यांना डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. आणि इथे मी तुमच्या पहिल्या वाक्याकडे वळते.

आमच्या यजमानांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं, इन्सुलिन ही किल्ली, पेशी हे कुलूप, किल्ली फिरली की साखर आत. यजमान हिशेबी मनुष्य. त्यांनी विचारलं, “मग माझी किल्ली मोडली की कुलूप गंजलं?” डॉक्टर हसले आणि पुढचा रुग्ण आला. प्रश्न चांगला होता. पण मला किल्लीची उपमाच खटकते, कारण किल्ली म्हटलं की ती आत जाते असं वाटतं आणि तिथूनच भित्तिका भेदणारं इन्सुलिन जन्माला येतं.

इन्सुलिन किल्ली नाही, बेलचं बटण दाबणारं बोट आहे. ते ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. मेदाच्या पटलातून ते पार होऊच शकत नाही. ते बाहेरच थांबतं आणि रिसेप्टरच्या बाहेर आलेल्या भागाला चिकटतं. रिसेप्टर पटलातून आरपार गेलेला असतो. बाहेरून दाबलं की त्याचा आतला भाग जागा होतो आणि आतल्या प्रथिनांना फॉस्फेटच्या खुणा लावायला लागतो. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असा निरोप आत पोचतो.

पुढचं मला फार आवडतं. साखरेलाही पटलातून आपलं आपण जाता येत नाही, तिला दार लागतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ही दारं एरवी आत फुग्यांसारख्या पिशव्यांत ठेवलेली असतात. बेल वाजली की पिशव्या पटलाकडे सरकतात, पटलात मिसळतात आणि दारं जागेवर येतात. बेल थांबली की दारं पुन्हा आत. दोन वेगवेगळ्या गटांनी हे १९८० मध्ये दाखवलं. म्हणजे दार उघडायचं नसतंच, दार आणून बसवायचं असतं! यजमानांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग माझ्याकडे बेल वाजतेय, पण आतला माणूस दार घेऊन उठत नाही.” त्यांच्या प्रकारच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात बरंचसं असंच असतं. सुरुवातीच्या काळात रक्तात इन्सुलिन भरपूरही असू शकतं. पहिल्या प्रकारात मात्र बेल वाजवणारंच कोणी नसतं. व्यायाम करताना स्नायू आकुंचन पावतो तेव्हा बेल न वाजताही दारं बाहेर येतात. डॉक्टर चालायला का सांगतात, हे त्यांना त्या दिवशी पटलं. पंधरा वर्षं मी नुसतं “चाला” म्हणत होते, त्याने काही झालं नव्हतं.

कोणी चिकित्सक वाचक म्हणेल, इन्सुलिन नंतर आत जातंच की. बरोबर. काम झाल्यावर रिसेप्टरसकट पटल आत ओढलं जातं आणि इन्सुलिनची मोडतोड होते. पण ती आवराआवर आहे. आणि सगळ्याच पेशी या बेलची वाट बघत नाहीत. लाल पेशींत आणि यकृतात साखरेची दारं कायम बसवलेली असतात.

निरोप आणि निरोप्या वेगवेगळे असतात, हे पहिल्यांदा नीट दाखवलं अर्ल सदरलंड यांनी, अॅड्रेनलिनच्या बाबतीत. अॅड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं, हे माहीत होतं. पन्नासच्या दशकात त्यांनी यकृताच्या पेशी चिरडून रस काढला. अॅड्रेनलिन टाकल्यावर तो काम करत होता. मग तो फिरवून पटलांचे तुकडे खाली बसवले आणि वरच्या स्वच्छ रसात अॅड्रेनलिन टाकलं. काही होईना. पटलाचे तुकडे अॅड्रेनलिनबरोबर वेगळे ठेवले, तर त्यांच्यातून एक छोटा रेणू बाहेर पडला. तो उकळला तरी टिकत होता. तो रेणू वरच्या रसात टाकल्यावर काम सुरू. अॅड्रेनलिन पटलापाशीच थांबलं होतं. आत गेला होता तो दुसराच निरोप्या, चक्रीय एएमपी. १९७१ चं नोबेल त्यांना याच कामाला मिळालं. सेंट्रिफ्यूज फिरवणाऱ्या बाईला या प्रयोगाचं कौतुक जरा जास्त वाटणारच.

आता माझं. सगळीच संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, दाराबाहेर थांबतात असं लिहिलं तर मीही तुमच्या लेखकासारखीच चूक करीन. मी गेली अठरा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते. एकाच घरात दोन संप्रेरकं, पण वागणूक अगदी उलटी. त्यांचं इन्सुलिन पोटातून देता येत नाही, कारण ते प्रथिन असल्याने पचून जातं, म्हणून सुई. माझं गोळीने चालतं. त्यांचं मिनिटांत काम दाखवतं. माझा डोस बदलला की डॉक्टर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. कारण थायरॉइडचं संप्रेरक पटलातल्या वाहक प्रथिनांच्या मदतीने आत जातं आणि त्याचा रिसेप्टर थेट केंद्रकात, डीएनएवर बसलेला असतो. तिथे जनुकं चालू-बंद होतात, नवी प्रथिनं तयार होतात, जुनी संपतात. या कामाला घाई चालत नाही. शिवाय थायरॉक्सिन रक्तातून निम्मं कमी व्हायलाच आठवडाभर लागतो. स्टेरॉइड संप्रेरकंही आतच जातात. मेदात विरघळत असल्याने पटल त्यांना अडवत नाही. एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन देऊन ते गर्भाशयाच्या पेशींतच टिकून राहतं, बाकी ऊतींतून वाहून जातं, हे दाखवलं. रक्त सगळीकडे तेच जातं. ज्याच्याकडे रिसेप्टर आहे त्यालाच ऐकू येतं.

आणि रिसेप्टर बिघडला तर संप्रेरक कितीही असो, उपयोग शून्य. १९६६ मध्ये झ्वी लॅरॉन आणि सहकाऱ्यांनी उंची खुंटलेल्या अशा मुलांचं वर्णन केलं, ज्यांच्या रक्तात वाढीचं संप्रेरक कमी नव्हतं, उलट जास्तच होतं. दोष ते ऐकणाऱ्या रिसेप्टरमध्ये होता, हे पुढे कळलं. उलटा प्रकारही आहे. ग्रेव्हज या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं थायरॉइडच्या रिसेप्टरला चिकटून बेल दाबत बसतात आणि ग्रंथी थांबायचं नावच घेत नाही.

जिवाणू आणि रिसेप्टर यांची गाठ कुठे पडते ते सांगून आवरतं घेते. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशीत घुसत नाही, तिला फोडतही नाही. तो बाहेर राहून एक विष सोडतो. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यात जंतूंविरहित गाळलेला द्रव घालून हे दाखवलं. जंतू नसतानाही आतडं पाण्याने फुगलं. त्या विषाचे पाच तुकडे पेशीच्या पटलाला चिकटतात आणि एक तुकडा आत सोडतात. तो आत जाऊन सदरलंडच्याच निरोप्याच्या कारखान्याचं बटण चालू स्थितीत जाम करतो. चक्रीय एएमपी वाढतच जातं, क्षार बाहेर ओतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी. भिंतवाला जिवाणू भिंत नसलेल्या पेशीला तिच्याच यंत्रणेने बुडवतो. आणि वाचवायचा मार्गही पटलातच: साखर आणि मीठ एकत्र आत घेणारं एक दार आतड्यात असतं, त्याला कॉलऱ्याचं विष हात लावत नाही. जलसंजीवनी त्याच दारातून आत जाते.

तेव्हा विनंती एवढीच, की मधुमेहाच्या लेखात जिथे पेशीभित्तिका आहे तिथे पटल करून दुरुस्ती छापावी, आणि चौकटीत पेनिसिलिन भिंत फोडतं याऐवजी भिंत विणू देत नाही, असं करावं. पत्र लांबलंय, कापायला हरकत नाही. फक्त कापताना पटलाचं पुन्हा भित्तिका होऊ देऊ नये.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक

ता. क. : चित्रातल्या पेशीत हिरव्या गोळ्याही दिसतात, हे यजमानांनी आत्ता भिंग लावून दाखवलं. ती हरितलवकं आहेत, झाडांच्या पेशीतली. ज्या रुग्णाच्या पेशीत ती सापडतील त्याने पुरवणी बाजूला ठेवून उन्हात उभं राहावं, साखर त्याची तोच तयार करील.